लहू-अंकुशाचा फड

आपण हा अंक हाती घ्याल तेव्हा शेजारी चकल्या-करंज्यांची ताटली असेल आणि अंगणात पोरांचे फटाके वाजत असतील. याच दिवसांत महाराष्ट्रातली काही माणसे मात्र घराला कुलूप लावून निघालेली असतात. दसरा झाला की तमाशाचे फड बाहेर पडतात ते थेट वैशाखापर्यंत. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावचा उरूस. झोप घ्यायची ती ट्रकमध्ये, सामानावर अंग टाकून.

गाणी गात हिंडणाऱ्या मंडळींचा इतिहास शोधू लागलो तर मागे मागे जाता जाता आपण थेट रामायणात पोहोचतो. लव आणि कुश हे दोघे जुळे भाऊ वीणेवर रामकथा गात अयोध्येस आले. आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. तिथे रामनवमीचा उत्सव होतो, त्यामुळे ही कथा इकडच्या पोरांना पाटीवर अक्षरे गिरवण्याआधीच ठाऊक होते. बायका मात्र ओव्यांत त्यांना लव-कुश म्हणत नाहीत, लहू-अंकुश म्हणतात. रामाने देऊ केलेले सोने त्या मुलांनी घेतले नाही, असे रामायणात आहे. असो. आमच्या फडवाल्यांना एवढा बाणा परवडण्याजोगा नव्हता.

सांगलीजवळच्या कवलापुरात खाडे यांच्या घरी १९३३ साली जुळे मुलगे झाले. त्यांची नावे ठेवली लहू आणि अंकुश. घर तमाशाचे, वडील संभाजी आणि चुलते शिवाजी यांचा फड 'शिवा-संभा कवलापूरकर' या नावाने चाले. पुढे 'जहरी प्याला' या वगात या भावांनी दोन हवालदार रंगवले. त्या हवालदारांची नावे काळू आणि बाळू. ती नावे अशी काही चिकटली की लहू आणि अंकुश घरापुरते उरले, आणि महाराष्ट्राला काळू-बाळू तेवढे माहीत राहिले. चेहरे सारखे, उंची सारखी. ज्याला पाहून गाव एरवी पागोटे सावरून उभे राहते, तो हवालदारच इथे दोन-दोनदा फजीत पावतो. मग हसू आवरणार कोणाला?

बाहेरच्या माणसाला तमाशा म्हटले की लावणी आठवते. लावणीचे मोल मी कमी करीत नाही. पण फड जगवला तो सोंगाड्याने, असे माझे मत आहे. आधी गण, मग गवळण. तिथे मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची मावशी होऊन एखादा दणकट बाप्या लुगडे सावरीत येतो, आणि खुद्द कृष्णाची उलटतपासणी घेतो. मग बतावणी, रंगबाजी आणि उत्तररात्री वग. साहित्य ते किती? ढोलकी, हलगी, कडे, मंजिरी आणि एका तारेचे तुणतुणे. मागे सुरते उभे राहून सूर धरतात. वगाची वही बहुधा नसेच. कथा तेवढी ठरलेली, संवाद त्या रात्रीचे. 'गाढवाचं लग्न' या वगात दादू इंदुरीकर सावळ्या कुंभार होत आणि एका गाढवाच्या आधाराने राजाला आणि इंद्राच्या दरबारालाही खाली खेचीत. गावात सावकाराने काय केले, पाटलाने कोणाची वाट अडवली, हे सोंगाडी दिवसा पारावर ऐकून घेई आणि रात्री ते राजाच्या तोंडी घाली. ज्याचे त्याला बरोबर कळे.

मुंबई सरकारने १९४८ साली अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांची पोटे आवळली गेली. आरडाओरडा झाला, तेव्हा ती अटींवर उठली. संहिता तपासून घ्या, असे ठरले. ज्या खेळाची वहीच नाही त्याची संहिता! आमचा जालना तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १९४८च्या सप्टेंबरापर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. याच खेळाचा सांगाडा घेऊन अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गिरणगाव हलवले होते. पुढे १९६५ साली वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून दादा कोंडक्यांनी तोच सोंगाडी नाट्यगृहात नेला, आणि तमाशाला न जाणारी पांढरपेशी कुटुंबे तिकिटे काढून हसली. ज्यांचा हा खेळ, त्यांच्यात महार, मांग, कोल्हाटी या जातींची माणसे फार. त्यांना खुर्चीवाल्या नाट्यगृहाचे दार मात्र सहज उघडले नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असतानाची, १९९०च्या सुमाराची गोष्ट सांगतो. आमच्या गावच्या जत्रेला एक लहानसा फड आला होता. बायकांनी तमाशाला जायची रीत नव्हती. त्या माळवदावर बसून ऐकत. मी आजीजवळ होतो. वग ऐन रंगात आला आणि जनित्र बंद पडले. दिवे गेले, कर्णा मुका झाला. गलका उठला. आता लोक कनाती फाडणार, असे वाटले. तोच अंधारातून सोंगाड्याचा आवाज आला, "राजा, तुझं राज्य बुडालं, आता तरी मला पगार दे!" सारे मैदान हसले. ढोलकीवाल्याने थाप दिली. लोकांनी बॅटऱ्या रोखल्या, कोणी कंदील आणला, आणि नुसत्या गळ्यावर खेळ पहाटेपर्यंत चालला. एवढ्या लांबून शब्द न् शब्द ऐकू येत होता. हा गळा कुठल्या शाळेत मिळतो? आजी पदर तोंडात धरून हसत होती. तिला इतके हसताना मी कधी पाहिले नव्हते.

सकाळी तोच सोंगाडी आमच्या ओट्यापाशी पाणी मागायला आला. तोंडावरचा रंग कानापाशी उरला होता. आवाज पार बसला होता. आजीने तांब्या आणला, आणि त्याने न सांगताच दोन्ही हातांची ओंजळ करून मान खाली घातली. आजीने वरून धार धरली. पाणी पिऊन तो म्हणाला, "माय, रात्री माळवदावरून हसणं ऐकू आलं. बरं वाटलं." आणि गेला.

आजी घरात आली, तांब्या हातात धरून बराच वेळ चुलीपाशी बसली. मला वाटले ती तो राखेने घासील. तिने तो घासला नाही. तसाच माठावर ठेवला.

काळू, म्हणजे लहू खाडे, २०११ साली गेले. चित्रपट आले, घरात दूरदर्शन आले, जत्रांत ऑर्केस्ट्रा शिरला. तरी फड निघत राहिले. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी तिथे जाऊन सुपाऱ्या देतात. २०२० साली करोनाने ऐन जत्रांच्या दिवसांत सारे बंद पाडले आणि पुढचे वर्षही कोरडे गेले. ढोलकी वाजवणारे हात मजुरीला गेले.

पुढच्या वर्षी जत्रेच्या दिवशी आजीने कोनाड्यातला पितळी पेला घासून पाण्याने भरला आणि बाहेर ओट्यावर आणून ठेवला. फड आला, पण दुसराच होता. पेला संध्याकाळपर्यंत तिथेच होता.