आकडे आणि संधी

पावसला असरच्या नमाजनंतर आम्ही चार माणसे बसलो की क्रिकेटचा विषय निघतोच. तरुणांना झहीर खान थोर वाटतो. वडीलधारी मंडळी महंमद निस्सार यांचे नाव घेतात. श्रीरामपूरच्या झहीरने २००० ते २०१४ या काळात ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. निस्सार यांचे बळी अवघे २५. एवढ्यावर निकाल लावणे सोपे आहे; पण तो न्याय नव्हे.

१९३२ साली लॉर्ड्सवर भारत आपली पहिली कसोटी खेळला. तिच्या पहिल्याच डावात निस्सार यांनी ९३ धावांत ५ बळी घेतले. १९३६ पर्यंत भारताच्या वाट्याला सातच कसोटी आल्या. निस्सार त्यांतल्या सहा खेळले. म्हणजे कसोटीमागे त्यांचे बळी चारांहून अधिक, झहीरचे साडेतीनहून कमी. म्हणून झहीर उणा ठरत नाही. दुखापती सोसत चौदा वर्षे टिकण्याची परीक्षा त्याने दिली. ती देण्याची वेळ निस्सार यांच्यावर आलीच नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कालुस्त्याचे गुलाम परकार? १९८१-८२ च्या रणजी हंगामात त्यांनी बंगालविरुद्ध गावसकरांसोबत ४२१ धावांची सलामी दिली. १९८२ साली त्याच लॉर्ड्सवर त्यांना एक कसोटी मिळाली. दोन डावांत ७ धावा झाल्या; पुन्हा संधी मिळाली नाही.

आकडे कर्तृत्व सांगतात, मिळालेली संधी सांगत नाहीत. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना जोखतानाही आम्ही हे विसरू नये.