दुरुस्तीच्या आधीचा कागद

सुट्टीत गावी गेलो की कोणीतरी हमखास विचारते, "तुमच्या चंडीगडात जुने असे बघण्यासारखे काय आहे?" किल्ले, वाडे आणि नदीचे घाट पाहत वाढलेल्या माणसाला साठ-सत्तर वर्षांचे काँक्रीट म्हणजे इतिहास वाटत नाही. पण हे शहर उभारताना ल कार्ब्युझिए आणि त्यांचे चुलतबंधू पिअर जानेरे यांच्या हाताखाली जे भारतीय वास्तुविशारद होते, त्यांच्या यादीत प्रभावळकर आणि देठे ही आडनावे आहेत. ती वाचली की आपले कान टवकारतातच! तेव्हा या वास्तू जपण्याची गोष्ट आपल्या मंडळींनाही ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

सेक्टर १० मधले शासकीय संग्रहालय घ्या. फाळणीनंतर १९४८ साली लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंची वाटणी झाली. ६० टक्के पाकिस्तानला, ४० टक्के भारताच्या वाट्याला. गांधार शैलीची शिल्पे आणि लघुचित्रे अमृतसर, सिमला, पतियाळा अशी फिरत अखेर चंडीगडला आली. डॉ. एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी इमारत झाली आणि मे १९६८ मध्ये तिचे उद्घाटन झाले. आराखडा कार्ब्युझिए यांचा. ते मात्र १९६५ सालीच निवर्तले होते.

त्यांनी अशी तीन संग्रहालये रचली: अहमदाबाद, टोकियो आणि चंडीगड. २०१६ साली युनेस्कोने सात देशांतल्या त्यांच्या १७ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या. त्यात टोकियोचे संग्रहालय आहे. चंडीगडचे कॅपिटॉल संकुल आहे. आपले संग्रहालय नाही.

मग पैसा आणायचा कुठून? लॉस एंजेलिसच्या गेटी फाउंडेशनने २०१४ पासून काही वर्षे 'कीपिंग इट मॉडर्न' नावाची योजना चालवली. विसाव्या शतकातील वास्तूंच्या जतनासाठी तिच्यातून अनुदान मिळे. २०१५ साली पंजाब विद्यापीठाच्या गांधी भवनाला, म्हणजे जानेरे यांच्या त्या पाण्यात उमललेल्या कमळासारख्या इमारतीला, १,३०,००० डॉलर मंजूर झाले. पाठोपाठ २०१७ मध्ये प्रशासनाच्या संग्रहालयाचा क्रमांक लागला.

हे ऐकून एका सहकाऱ्याने मला विचारले, "एवढ्या पैशात गिलावा किती होईल?" उत्तर असे की, गिलाव्यासाठी हा पैसा नव्हताच. तो मुख्यतः संवर्धनाचा आराखडा तयार करण्यासाठी होता. वास्तूचा इतिहास, मूळ नकाशे, आजची अवस्था, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे सारे अशा आराखड्यात नोंदलेले असते.

केवळ कागदासाठी एवढा खर्च कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण काँक्रीटचा आजार पाहा. भेगेतून पाणी आत जाते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचा पापुद्रा फोडून टाकते. नेहमीच्या पद्धतीने आपण तिथे सिमेंट थापतो आणि वर रंग मारतो. काम चोख दिसते. पण साच्याच्या फळ्यांचे जे ठसे त्या उघड्या काँक्रीटवर मुद्दाम राखले होते, ते कायमचे बुजतात. आतली सळई मात्र गंजतच राहते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. काय राखायचे आहे, हे लिहून ठेवलेले नसते, एवढेच.

नोंद नसली की काय होते, हे आपल्या खुर्च्यांनी दाखवून दिले आहे. जानेरे आणि सहकाऱ्यांनी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी, वेताने विणलेल्या खुर्च्या जुन्या झाल्या म्हणून वर्षानुवर्षे भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या. पुढे त्याच परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने विक्रीला मनाई केली. उरलेल्यांची मोजदाद झाली, तेव्हा १२,७९३ वस्तू नोंदल्या गेल्या. आधी गेलेल्यांचा हिशेब कोण देणार?

शहराच्या मांडणीलाही हेच लागू आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधील घरांचे मजलेवार फ्लॅटमध्ये रूपांतर करण्यास मनाई केली. वारशाचा मुद्दा त्या निकालाच्या गाभ्याशी होता.

अनुदान एकदाच मिळते. आराखडा रोज वापरावा लागतो. तो कपाटात गेला, तर डॉलरही गेले आणि काँक्रीटही जाईल. आपल्यातील कितीतरी जण प्रशासनात, विद्यापीठात, बँकांत आहेत. कचेरीत उद्या दुरुस्तीची फाइल समोर आली, जुन्या खुर्च्या काढायची टिपणी आली, तर सहीआधी एवढेच विचारावे: याची नोंद कुठे आहे?