कौल आणि गुरव

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. प्रवासी त्यावर बसून हौसेने छायाचित्र काढून घेतात. ही रेषा तेथे आली कशी, हे पुसणारा मात्र विरळा. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा आजच्या नंदुरबार जिल्ह्याचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. त्यातली दीडशेहून अधिक गावे गुजरातेस गेली. उच्छल-निझरचा टापू त्यांतलाच. गावांची यादी संसदेच्या कायद्यास जोडलेली होती. आपण कोणत्या राज्यात जावे, यावर गावकऱ्यांचे मतदान काही झाले नाही.

ते भाग्य पुढे सात वर्षांनी गोमंतकीयांच्या वाट्यास आले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजी थेट मतदारांपुढे ठेवण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. लोकांनी त्यास नाव दिले 'जनमत कौल'. देवळात कौल लावण्याची चाल ज्या भूमीत आहे, तेथे याहून समर्पक शब्द कोणता?

परंतु कौलाची एक अट असते. पाकळी डावी पडो वा उजवी, गुरवाचा हात तिला लागता कामा नये. सार्वमतात सरकार हे गुरवाच्या जागी असते. खजिना त्याचा, अधिकारी त्याचे, दवंडीही त्याचीच. गोव्यात तर पेच मोठा होता. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतःच विलीनीकरणाचे पुढारी. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाची मागणी होती की, मंत्रिमंडळाने आधी पायउतार व्हावे. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळ दूर झाले आणि राष्ट्रपती राजवटीखाली मतदान पार पडले.

मतदारांस माहिती देण्याचे काम मग वृत्तपत्रांनी आणि सभांनी केले. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लढला. 'राष्ट्रमत' विरुद्ध बाजूने. गंमत अशी की, दोन्ही दैनिके मराठीच! 'राष्ट्रमता'तून उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' सुटत असे, तर उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव घुमत. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. विलीनीकरणास १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्यास १,७२,१९१ मते पडली.

हा प्रचार रंगतदार खरा. पण पक्षांची माहिती ती पक्षांचीच. ज्याची थैली जड, त्याचा कर्णा मोठा, हा धोका तिच्यात असतोच. मग सरकारने पैसा घालावा काय? आयर्लंडात १९९५ साली घटस्फोटाच्या प्रश्नावर सार्वमत होते. सरकारने 'होय' म्हणणाऱ्या बाजूच्या प्रचारास पाच लाख पौंड ठरविले. पॅट्रिशिया मॅकेना या बाईंनी दावा लावला आणि मतदानाच्या अवघा आठवडाभर आधी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो खर्च घटनाबाह्य ठरविला. 'नाही' म्हणणाराही कर भरतोच ना! सार्वमत ९,११४ मतांनी संमत झाले. पुढे १९९८ च्या कायद्याने तेथे सार्वमत आयोग नेमण्यात येऊ लागला आणि दोन्ही बाजू लोकांस समजावून सांगण्याचे काम प्रथम त्याच्याकडे आले. सार्वजनिक पैसा वर्ज्य नाही. तो एकाच पारड्यात टाकणे वर्ज्य, हा त्याचा मथितार्थ.

गोव्यात त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षास निवडून दिले. विलीनीकरण नाकारणाऱ्या मतदारांनी, त्यासाठी लढलेल्या नेत्यास नाकारले नाही. खुर्ची सोडून कौलास सामोरा गेलेला माणूस हरूनही लोकांच्या मनातून उतरत नाही, असेच यावरून म्हणावयाचे. देव कोणाच्या बाजूने बोलला हे काळाबरोबर विसरले जाते. गुरव प्रामाणिक होता की नाही, हे मात्र गाव विसरत नाही.