वालधुनीकाठची हवा आणि कृत्रिम श्वासाचे माप

अंबरनाथलगतच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते. तिच्या काठची दाट वस्ती मात्र फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने वाढत गेले. पुढे कारखान्याची भिंत आणि घराची खिडकी यांतले अंतर मिटत चालले. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रासायनिक सांडपाण्यामुळे उल्हासनगरातील शेकडो लोकांना, तर जून २०२१ मध्ये वायुगळतीमुळे बदलापुरातील रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले.

अशा वायूची मात्रा मोठी असेल, तर वायुकोशांना, म्हणजे फुफ्फुसातील सूक्ष्म फुग्यांना, आतून अस्तर लावणाऱ्या पातळ पेशी फाटतात, प्रथिनयुक्त द्रव आत झिरपतो आणि वायुकोश मिटू न देणारा 'सरफॅक्टंट' हा स्राव निकामी होतो. १९६७ मध्ये अ‍ॅशबॉ आणि सहकाऱ्यांनी १२ रुग्णांवरून वर्णिलेला तीव्र श्वसनविकार, म्हणजे 'एआरडीएस', तो हाच. यावर कृत्रिम श्वसनयंत्र हाच आधार. परंतु यंत्राने ढकललेली हवा द्रवाने भरलेल्या भागात शिरत नाही, उघड्या राहिलेल्या थोड्या वायुकोशांत कोंबली जाते. इटलीचे गात्तिनोनी यांनी या उरलेल्या भागाला 'बाळाचे फुफ्फुस' म्हटले, ते नेमके आहे.

वेब आणि टिअर्नी यांनी १९७४ मध्येच दाखवले होते, की फार मोठ्या दाबाने श्वास दिलेल्या उंदरांची निरोगी फुफ्फुसेही तासाभरात पाण्याने भरतात, आणि उच्छ्वासाच्या शेवटी थोडा दाब राखल्यास हे नुकसान बरेच टळते. १९८८ मध्ये ड्रेफ्यूस व सोमॉं यांनी छाती आवळून प्रयोग केला आणि दोष केवळ दाबाचा नसून ताणाचा असल्याचे सिद्ध केले. १९९७ मधील स्लट्स्की यांच्या गटाच्या प्रयोगाने आणखी पुढचे दाखवले: वारंवार ताणलेल्या, मिटून पुन्हा उघडणाऱ्या फुफ्फुसातून सायटोकाइन, म्हणजे दाह चेतवणारी संदेशक प्रथिने, मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. ती रक्तात उतरली, की मूत्रपिंडासारख्या दूरच्या अवयवांनाही झळ पोचू शकते. या प्रक्रियेला 'बायोट्रॉमा' हे नाव मिळाले.

तरीही रुग्णशय्येजवळचे माप बदलायला २००० साल उजाडावे लागले, कारण डॉक्टरांचे लक्ष रक्तातील वायूंचे आकडे सुधारण्यावर होते, पेशीवर नव्हते. त्या वर्षीच्या ८६१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत दर किलो वजनामागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. हे वजन काट्यावरचे नसून उंचीवरून काढलेले असते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुफ्फुस मोठे होत नाही. उंचीनुसार ६० किलो वजन ठरणाऱ्या कामगाराला प्रत्येक श्वासात सुमारे ७२० नव्हे, ३६० मिलिलिटर हवा द्यावी लागते, आणि त्यासाठी यंत्र लावण्याआधी मोजपट्टी हाती घ्यावी लागते.