तारेवरचा माणूस आणि त्याला पोचणारा निरोप

विजेच्या तारेत वीज आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कधीच कळत नाही. चुलीतला निखारा लाल दिसतो आणि त्याची धग लागते. नदीला पूर आला तर तिचा आवाज शिवारापर्यंत येतो. विहीर किती खोल आहे ते काठावरून वाकून पाहता येते. विजेचे तसे नाही. चालू तार आणि बंद तार दिसायला अगदी एकसारखी. चिमणी दोन्हींवर सारख्याच निर्धास्तपणे बसते, कारण तिचे पाय एकाच तारेवर असतात आणि जमिनीशी तिचा संबंध नसतो. पण खांबावर चढणाऱ्या माणसाचा असतो. मग तार बंद आहे, हे त्याला कळायचे कसे? ते त्याला दुसऱ्या माणसाने सांगावे लागते.

विजेच्या धंद्याचा इतिहास सांगताना आपण धरणे, बोगदे आणि मोठमोठी यंत्रे यांचे वर्णन करतो. ते योग्यच आहे. पण या इतिहासात आणखी एक धागा आहे आणि तो माणसांच्या जिवाशी बांधलेला आहे. कारखान्यात काय चालू आहे, काय बंद आहे, धोका कुठे आहे, ही खबर कामगारापर्यंत वेळेवर आणि नेमकी कशी पोचवायची, हा तो धागा. आज त्याचीच हकिकत सांगायची आहे.

एडिसनने न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीटवरचे आपले वीजकेंद्र सुरू केले ते ४ सप्टेंबर १८८२ रोजी. पुढच्या सात वर्षांत त्या शहराच्या रस्त्यांवर तारांचे नुसते जाळे झाले. तारायंत्राच्या तारा, टेलिफोनच्या तारा, दिव्यांच्या तारा. मालक निरनिराळे आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी तारायंत्र कंपनीचा जॉन फीक्स नावाचा लाइनमन भर वस्तीत खांबावर चढला. हात घालायचा होता तो तारायंत्राच्या तारेला. तिच्यात वीज ती किती असणार? पण काही गल्ल्या पलीकडे जास्त दाबाची वीज नेणारी दुसरी तार त्या तारेला टेकली होती. ही गोष्ट त्याला सांगणारे कोणी नव्हते. रस्त्यावरच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तो माणूस तारांच्या जंजाळात अडकून मेला. शहर हळहळले, लोक खवळले आणि वरच्या तारा काढून जमिनीखाली घालण्याच्या कामाला जोर आला.

या मृत्यूत धाडस कमी पडले नव्हते, हातातले कसबही कमी पडले नव्हते. कमी पडली होती ती एक बातमी.

कामगारांनाही हे उमगत चालले होते. १८९१ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात वीजकामगारांनी आपला संघ काढला. त्याचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन होता. पाच वर्षांनी, १८९६ साली, वॉशिंग्टन शहरात काम करताना विजेचा धक्का बसून तो खाली पडला आणि दगावला. संघाचा पुढारीदेखील या धोक्यातून सुटला नाही. पुढे अशा संघटनांनी मजुरीबरोबरच शिक्षणाची आणि सुरक्षिततेच्या नियमांची मागणी लावून धरली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत विजेचा कारखाना १९०५ साली वाडीबंदरला उभा राहिला आणि १९०७ साली शहरात विजेची ट्राम धावली. पण खरा मोठा पल्ला गाठला तो टाटांच्या जलविद्युत योजनेने. जमशेटजी टाटा १९०४ सालीच निवर्तले. त्यांचे हे स्वप्न पुढच्या पिढीने पुरे केले. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवायचे, ते नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचे, तिथे चाके फिरवून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पोचवायची, अशी ती योजना. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत परळला आली.

आता यातली अडचण ध्यानात घ्या. पाणी डोंगरावर, यंत्रे घाटाखाली आणि गिरण्या सुमारे ७० किलोमीटरवर. मधे रान, नाले, खाड्या आणि त्यांवरून गेलेली तार. एका टोकाच्या माणसाने खटका दाबला की त्याचा परिणाम दुसऱ्या टोकाला डोळ्याचे पाते लवायच्या आत होतो. तारेवर काम करणारा माणूस मात्र ना या टोकाला दिसतो, ना त्या टोकाला. जुन्या गिरणीत मुकादम ओरडून सांगू शकत होता. विजेच्या कारभारात ओरडून भागत नाही. तिथे निरोप द्यायचा, लिहायचा आणि ताडून पाहायचा, अशी शिस्त लागते.

ही शिस्त कशी चालते? समजा, गावाबाहेरच्या ११,००० व्होल्टच्या लाइनवर काम निघाले. वायरमन सबस्टेशनच्या ऑपरेटरकडे परवानगी मागतो. या परवानगीला आपल्याकडे ‘लाइन क्लिअर’ किंवा ‘परमिट’ म्हणतात. ऑपरेटर लाइन बंद करतो, चुकून कोणी चालू करू नये अशी तजवीज करतो, नोंदवहीत वेळ आणि नाव लिहितो आणि मग परमिट देतो. वायरमन तेवढ्यावर विसंबत नाही. तो तार तपासतो आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ती साखळीने जमिनीशी जोडतो. काम संपले की माणसे मोजायची, हत्यारे मोजायची, साखळ्या काढायच्या आणि मगच परमिट परत करायचे. ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे, असा कडक दंडक आहे. पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला नोंदवही दाखवतो आणि कोणती लाइन कोणाच्या नावावर बंद आहे ते समजावून देतो.

शिक्षकबंधूंना कानगोष्टींचा खेळ ठाऊक आहे. पहिल्या मुलाने ‘आंबा’ म्हणावे आणि शेवटच्याने ‘तांब्या’ ऐकावा! वर्गात याचे हसू येते, सबस्टेशनमध्ये येत नाही. म्हणून टेलिफोनवर मिळालेला निरोप ऐकणाऱ्याने पुन्हा म्हणून दाखवायचा असतो. यात अविश्वास नाही. माणसाचा कान चुकतो, हे मानूनच ही रीत बसवली आहे.

कायद्यानेही हळूहळू हेच धोरण धरले. आपल्या देशात १९१० साली विजेचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ साली त्याखालचे सविस्तर नियम आले. त्या नियमांतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली गोष्ट धोक्याच्या पाटीची. कवटी आणि दोन हाडे काढलेली ती लाल पाटी सर्वांनी पाहिली आहे. ती हिंदीत किंवा इंग्रजीत असावीच, पण त्याबरोबर त्या जिल्ह्याच्या भाषेतही असावी, असे नियम सांगत होता. चित्र अशासाठी, की ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही समजावे. दुसरी गोष्ट, विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे याच्या सूचनांची. त्या वीजकेंद्रात स्थानिक भाषेत लावायच्या होत्या. पण नुसता कागद भिंतीवर चिकटवून मालकाची सुटका नव्हती. आपल्या अधिकृत कामगारांना त्या सूचना ठाऊक आहेत आणि त्या त्यांना अमलात आणता येतात, हे पाहण्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. भिंतीवरचा कागद डोक्यात आणि हातात उतरला पाहिजे, हे तत्त्व त्यात आले.

या सूचनांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत लाइनमन फार मरू लागले, तेव्हा १९२० नंतरच्या दशकात वीजधंद्यानेच पैसा पुरवून विजेच्या धक्क्यावर संशोधन सुरू करविले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन हे विजेचे इंजिनिअर या कामाला लागले. त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर सहकाऱ्यांनी १९६० साली छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची रीत जगापुढे मांडली. आज इस्पितळात, शाळेत, रस्त्यावर जी रीत शिकवतात तिचे एक मूळ असे विजेच्या खांबाशी आहे. १९६७ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनविल गावी एक लाइनमन धक्का बसून खांबावर उलटा लोंबकळत राहिला. शेजारच्या सोबत्याने वर चढून, तिथेच त्याच्या तोंडात फुंकर घालून श्वास दिला. तो माणूस वाचला. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. सोबत्याला ती विद्या आधी मिळाली होती, म्हणून हे घडले.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज आली, खांब वाडीवस्तीवर पोचले. खोपोलीच्या काळात वीजकामगार मोजक्या ठिकाणी होता. आता तो गावोगावचा वायरमन झाला. २००५ साली मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी एक, ती लांबवर नेणारी दुसरी आणि घरोघर देणारी तिसरी. तार मात्र एकच राहिली! तेव्हा एका कंपनीच्या माणसाचा निरोप दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बिनचूक पोचणे अधिकच गरजेचे झाले. न्यूयॉर्कला १८८९ साली नेमके तेच घडले नव्हते.

निरोप वरून खाली यावा, तसा तो खालून वरही गेला पाहिजे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात भर पडली. धोक्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि संकट जवळ दिसले तर ते कळविण्याचा हक्क कामगाराला मिळाला. वीजनिर्मितीचे कारखाने त्या यादीत होते. खांब वाकला आहे, हातमोजा फाटला आहे, हे वायरमनने सांगावे आणि सांगितल्याबद्दल त्याला कोणी टाकून बोलू नये. साहेबाने ऐकून घेतले नाही तर पुढच्या खेपेला तो सांगणारच नाही.

या साखळीची शेवटची कडी आपल्या गावात आहे. वायरमनने परमिट घेतले, लाइन बंद केली आणि तो वर चढला. तेवढ्यात कोणी चुकीच्या जोडणीचे जनरेटर सुरू केले, तर वीज उलटी तारेत जाते. पिकाला पाणी द्यायची घाई म्हणून कोणी डीपीपाशी जाऊन परस्पर खटका ओढला, तर वरच्या माणसाचे काय होईल? ऑपरेटरची नोंदवही इथवर पोचत नाही. डीपीवर स्वतः चढून फ्यूज घालणारा शेतकरीही त्या नोंदवहीत कुठे नसतो, आणि त्याच्या जिवाची जोखीम तर सर्वांत मोठी.

म्हणून एक सोपी गोष्ट करता येईल. गावात लाइनचे काम निघाले की ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या फळ्यावर तेवढे लिहावे: आज अमुक डीपी बंद आहे, तारेवर माणूस आहे, काम संपेपर्यंत कोणी खटक्याला हात लावू नये. शिक्षकांनी मुलांना ते मोठ्याने वाचायला लावावे आणि घरी जाऊन सांगायला सांगावे. काम संपल्याचा निरोप वायरमनकडून आला की फळा पुसावा, त्याआधी नाही.