खारे पाणी आणि शरीराचा जमाखर्च

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णाकाठी, संग्रामपूर-जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचे पाणी जिभेला मिठासारखे लागते. हे मीठ शरीर निभावते कसे? मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि दीडेक लिटर सोडून बाकीचे परत घेतात. ते कोणाच्या हुकमाने, हे कळावयास विसावे शतक उजाडले. १९१३ साली फॉन डेन व्हेल्डेन आणि फारिनी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने उदकमेहाच्या रोग्याची लघवी आवरून दाखविली. पाणी राखणारे ते व्हासोप्रेसिन. मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन १९५३ साली सिम्प्सन, टेट व सहकाऱ्यांनी वेगळे केले. मीठ वाढले की ते ओसरते व जादा मीठ लघवीवाटे जाते. गाळणीच झिजली, तर मात्र हुकूम पाळणारे कोणी उरत नाही. मूत्रपिंडविकाराने खारपाणपट्ट्यातील अनेक घरे आज हेच सोसत आहेत.