नाशिकमध्ये अंगणात कोणतं लॉन लावावं?

नर्सरीत प्रत्येक लॉन हिरवंगारच दिसतं. घरी आणल्यावर मात्र त्याला नाशिकचा ४० अंशांच्या आसपासचा उन्हाळा, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी काळी माती आणि हिवाळ्यात १० अंशांखाली जाणाऱ्या रात्री सोसाव्या लागतात. म्हणून रंग पाहण्याआधी अंगणात ऊन किती तास येतं ते मोजा.

दिवसभर ऊन असेल तर: हरळी, म्हणजेच बर्म्युडा ग्रास. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. हिला रोज किमान सहा तास ऊन हवं. पाणी कमी पडलं तर ती सुकते, पण पुन्हा फुटते. मुलांच्या खेळण्याने लवकर खराब होत नाही. मात्र फुलझाडांच्या वाफ्यात घुसते, त्यामुळे कडेला विटा लावा.

वारंवार कापायला वेळ नसेल तर: कोरियन ग्रास. मऊ आणि दाट असतं, पण हळू पसरतं. पाणी साचणारी जागा याला चालत नाही.

थोडी सावली असेल तर: रुंद पानांचं सेंट ऑगस्टीन. याला पाणी जास्त लागतं, त्यामुळे उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल तर टाळा. आंब्याखालच्या दाट सावलीत कोणतंच लॉन नीट टिकत नाही.

लागवड कधी? जून-जुलैत, पाण्याचा निचरा होईल असा उतार देऊन.

जानेवारीत लॉन पिवळं पडलं तर लगेच उपटू नका. थंडीत ही गवतं सुप्त होतात, ऊन वाढलं की पुन्हा हिरवी होतात.